कावासाकी हेवी इंडस्ट्रीज

कावासाकी हेवी इंडस्ट्रीज ही जपानमधील अवजड उद्योग क्षेत्रातील एक बहुराष्ट्रीय कंपनी आहे. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज व आयएचआय यांच्यासह तिची गणना या क्षेत्रातील तीन प्रमुख जपानी कंपन्यांमध्ये होते. तिची मुख्य कार्यालये कोबे आणि टोकियो येथे आहेत. जहाजे, पाणबुड्या, विमानांचे भाग, रेल्वेचे डबे, वायू टर्बाइन, औद्योगिक यंत्रमानव आणि मोटारसायकली ही तिची मुख्य उत्पादने होत. टोकियोजवळील कावासाकी शहराशी कंपनीच्या नावाचा संबंध नाही. ते संस्थापक कावासाकी शोझो यांचे आडनाव आहे.

स्थापना

शोझो हे कागोशिमा येथील व्यापारी घराण्यातील. समुद्रप्रवासात अनेक अपघात अनुभवल्यामुळे पारंपरिक जपानी जहाजांपेक्षा पाश्चात्त्य बांधणीची जहाजे अधिक भरवशाची आहेत, असे त्यांचे मत झाले. १८७८ साली त्यांनी टोकियोतील त्सुकिजी येथे सरकारकडून जमीन भाड्याने घेऊन गोदी सुरू केली. त्यांच्याच प्रांतातील व त्या वेळी अर्थखात्यात उच्चपदस्थ असलेले मात्सुकाता मासायोशी यांचे त्यांना साहाय्य लाभले. १८८६ मध्ये कोबे येथील सरकारी गोदी त्यांच्याकडे आली. १८९६ साली व्यवसायाचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले आणि मासायोशी यांचे पुत्र मात्सुकाता कोजिरो तिचे पहिले अध्यक्ष झाले.

विस्तार आणि संकट

कोजिरो यांच्या काळात कंपनी केवळ गोदी राहिली नाही. मिनातो नदीच्या मुखाजवळील भुसभुशीत जमिनीत मोठ्या कष्टाने बांधलेली कोरडी गोदी १९०२ साली पूर्ण झाली. १९०६ मध्ये जपानमध्ये बांधलेली पहिली पाणबुडी येथे तयार झाली व त्याच वर्षी रेल्वेसाहित्याचे उत्पादन सुरू झाले. पुढे विमाननिर्मितीचीही भर पडली.

पहिल्या महायुद्धात कोजिरो यांनी मागणी येण्याआधीच एकाच नमुन्याची मालवाहू जहाजे बांधून ठेवली. जहाजांच्या टंचाईमुळे या धाडसातून प्रचंड नफा झाला. मात्र युद्ध संपताच न विकलेली जहाजे कंपनीच्या गळ्यात पडली. त्यांना काम देण्यासाठी १९१९ साली कावासाकी किसेन (के लाइन) ही जहाजवाहतूक कंपनी काढण्यात आली.

त्याच वर्षी कोबेतील कामगारांनी वेतनवाढीसाठी संप न करता कारखान्यात हजर राहून काम संथ केले. त्यावर व्यवस्थापनाने आठ तासांचा कामाचा दिवस मान्य केला. जपानमधील मोठ्या उद्योगांत ही पद्धत रूढ होण्याची ती सुरुवात मानली जाते. १९२१ मध्ये कावासाकी व मित्सुबिशीच्या कोबेतील गोद्यांमध्ये झालेला सुमारे ३०,००० कामगारांचा लढा मात्र अपयशी ठरला. समाजसुधारक कागावा तोयोहिको त्याच्या नेत्यांपैकी एक होते.

१९२७ च्या आर्थिक संकटात कंपनीला कर्ज देणारी जुगो बँक बुडाली. कोजिरो यांना पायउतार व्हावे लागले आणि त्यांनी युरोपात जमवलेला कलासंग्रह विखुरला. त्याचा पॅरिसमध्ये राहिलेला भाग फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला दिला. तो ठेवण्यासाठीच १९५९ साली टोकियोत राष्ट्रीय पाश्चात्त्य कला संग्रहालय उभे राहिले.

१९५० मध्ये पोलादाचा व्यवसाय वेगळा झाला. १९६९ साली गोदी, रेल्वेसाहित्य व विमान या तीन कंपन्यांचे विलीनीकरण होऊन आजची कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षी तिने अमेरिकी युनिमेशन कंपनीच्या परवान्याखाली जपानमध्ये तयार झालेला पहिला औद्योगिक यंत्रमानव बाजारात आणला.

परदेशातील व्यवसाय

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे १९७४ साली मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी कंपनीने १९८० च्या दशकात आर ६२ प्रकारचे ३२५ डबे पुरवले. पुढील मागण्यांची जुळणी प्रामुख्याने अमेरिकेतच होऊ लागली. इंग्लिश खाडीखालील बोगद्याच्या फ्रेंच बाजूसाठी तिने खोदयंत्रे पुरवली. बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचा पुढील भाग ती बनवते.

चीनबरोबरच्या २००४ च्या अतिवेगवान रेल्वेकरारात तंत्रज्ञान हस्तांतराचा समावेश होता. जपानच्या रेल्वे क्षेत्रातून त्यावर टीका झाली होती. पुढे चीनने नव्या गाड्या स्वतःच्या तंत्रज्ञानाच्या म्हणून मांडल्या, तेव्हा त्या मूळ जपानी आराखड्यावरच आधारित असल्याचे कावासाकीचे म्हणणे होते.

भारतात कंपनीचे नाव पुण्याच्या बजाज ऑटोमुळे घरोघरी पोहोचले. या सहकार्यातून १९८६ साली केबी १०० ही मोटारसायकल आली. ‘कावासाकी बजाज’ ही जोडी पुढे बराच काळ टिकली. दोन्ही कंपन्यांची विक्रीतील भागीदारी २०१७ मध्ये संपली.

गुणवत्तेविषयीचे वाद

११ डिसेंबर २०१७ रोजी हाकाताहून टोकियोकडे निघालेल्या शिंकान्सेन गाडीत जळका वास व विचित्र आवाज येत असूनही ती नागोयापर्यंत चालवण्यात आली. तेथे एका बोगीच्या चौकटीला तुटण्याच्या बेतात आलेली भेग आढळली. (बोलीत संपूर्ण डब्याला बोगी म्हणतात, येथे डब्याखालील चाके व आस धरणारा सांगाडा अभिप्रेत आहे.) भाग नीट बसावा म्हणून कारखान्यात पोलादी पत्रा घासण्यात आला होता. त्यामुळे किमान ७ मिमी जाडी आवश्यक असताना काही ठिकाणी ती ४.७ मिमी इतकीच उरली होती. याच दोषाच्या आणखी शंभराहून अधिक चौकटी सापडल्या. या घटनेत कोणी दगावले नाही.

२०२४ साली सागरी इंजिनांच्या चाचण्यांतील इंधनवापराच्या आकड्यांत फेरफार, तसेच पाणबुडी दुरुस्तीच्या कामात बनावट व्यवहारांतून उभारलेला गुप्त निधी ही प्रकरणे उघडकीस आली. जपानी पाणबुड्या केवळ कावासाकी व मित्सुबिशी याच दोन कंपन्या बांधत असल्याने दुसरे प्रकरण विशेष गंभीर ठरले.

अलीकडील काळ

२०२१ मध्ये रेल्वे व मोटारसायकल हे विभाग स्वतंत्र उपकंपन्या झाले. कंपनीने बांधलेल्या सुइसो फ्रंटियर या जहाजाने २०२२ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील हेस्टिंग्ज येथून कोबेला द्रवरूप हायड्रोजन आणला. उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाला द्रव केल्यावर या वायूचे आकारमान सुमारे आठशेपटीने घटते. समुद्रमार्गे दुसऱ्या देशात द्रव हायड्रोजन नेण्याचा हा पहिलाच प्रयोग होता. मात्र त्यासाठी तपकिरी कोळशापासूनही हायड्रोजन तयार करण्यात आल्याने, निघणारा कार्बन साठवल्याखेरीज हे इंधन स्वच्छ म्हणता येणार नाही, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे.