पालखीची वाट

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, देणगीदारांची नावे शिळेवर कोरली गेली. देवळाकडे येणारी वाट मात्र जुनीच आहे. तिचीही हकीकत या स्मरणिकेत नोंदली जावी.

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, पुढे गावनकाशांत तुटक रेषांनी वाटा उमटल्या. वाडवडिलांना नकाशा लागत नसे. पीक तुडवू नये, एवढाच दंडक. (सर्वच जातींना ती मोकळीक नव्हती, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे.)

पुढे विहिरी झाल्या, ऊस आला, बांध नांगरटीत झिजले. वहिवाटीची वाट अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यान्वये सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. पुष्कळांची मुदत भांडणातच निघून जाते. शेतावर जायला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार चौकशी करून दुसऱ्याच्या बांधावरून ती देऊ शकतात.

१९९८ च्या यात्रेत आपली पालखी ओढ्याकाठी काटेरी कुंपणाशी अडली. मानकरी तासभर उन्हात उभे होते. अखेर शेतमालकाच्या आईनेच काट्या ओढून बाजूला केल्या आणि श्रींना ओवाळले. तो बांध आज चार हात रुंद आहे.