मॅलेट घराण्याचा मराठी मुलूख

१७७५ च्या फेब्रुवारीत राघोबादादा पळत पळत खंबायतेला पोचले. मागे बारभाईंची फौज होती आणि खंबायतच्या नवाबाचा भरवसा नव्हता. तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीवर विशी-बाविशीतला एक इंग्रज होता, चार्ल्स वॉर मॅलेट. सॉमरसेटमधल्या पाद्र्याचा हा मुलगा १७७० मध्ये नोकरीला लागलेला. त्याने दादांना गुपचूप भावनगरच्या वाटेला लावले. तिथून समुद्रमार्गे ते सुरतेला गेले, मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले.

राघोबांना हात देणारा हाच माणूस अकरा वर्षांनी नाना फडणविसांच्या पुण्यात कंपनीचा वकील म्हणून आला.

ती वाट सोपी नव्हती. पुण्यात इंग्रजांचा स्वतंत्र वकील असावा, हे महादजी शिंद्यांना रुचण्यासारखे नव्हते. त्यामुळे १७८५ मध्ये मॅलेट सुरतेहून उज्जैन-ग्वाल्हेरमार्गे उत्तरेत गेला, महादजींना भेटला आणि पुढे कलकत्त्याला पोचला. १७८६ च्या मार्चमध्ये तो पुण्यात दाखल झाला. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. १ जून १७९० रोजी टिपूविरुद्ध पेशवे आणि निजाम यांच्याशी कंपनीचा तह झाला, त्यात मॅलेटचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

दरबारी कागदांत दिसणारा मॅलेट एवढाच आहे. त्याचे घर मात्र चित्रांतून समजते.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि मॅलेटच्या आधाराने पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे आजही त्या काळाचे चेहरे म्हणून आपल्यापुढे येतात. त्याच्या चित्रांत एका स्त्रीचेही व्यक्तिचित्र आहे. ती अंबर कौर, मॅलेटची हिंदुस्थानी सहचारिणी आणि त्याच्या मुलांची आई. पेशव्यांच्या राजधानीत या इंग्रज वकिलाचा संसार होता तो तिच्याबरोबर.

याच वर्तुळात गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने १७९० मध्ये चितारला, वेरूळला जाऊन लेण्यांची रेखाटने केली. मॅलेटचा वेरूळवरचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला आणि युरोपातल्या अभ्यासकांचे लक्ष त्या डोंगराकडे वळले. गंगारामची चित्रे आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. त्यांच्यावर गंगारामचे नाव टिकून राहिले, ही मोलाची गोष्ट आहे, कारण कंपनीसाठी राबलेल्या कितीतरी देशी चित्रकारांची नावेसुद्धा उरलेली नाहीत.

कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढताना वेल्सला तापाने गाठले आणि १७९५ मध्ये ठाण्याला तो वारला. पेशव्यांच्या दरबारातल्या तहाच्या समारंभाचे त्याचे भव्य चित्र अपुरेच राहिले होते. त्याच्या अभ्यासचित्रांवरून थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पूर्ण केले. मॅलेटने १७९७ मध्ये पुणे सोडले. इंग्लंडला परतल्यावर १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केले आणि विल्टशरमध्ये विल्बरी हाउस विकत घेतले. १८१५ मध्ये तो मरण पावला. संगमावरची रेसिडेन्सी त्यानंतर दोनच वर्षांनी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, जळून गेली.

सुझॅनाला आठ मुलगे झाले आणि त्यांतले काही पुन्हा बापाच्या वाटेने हिंदुस्थानात आले. जॉर्ज ग्रेनव्हिल मुंबईच्या घोडदळात अधिकारी झाला, मीर मासूमच्या सिंधच्या इतिहासाचे त्याने फारसीतून भाषांतर केले आणि डिसेंबर १८५६ मध्ये इराणच्या मोहिमेत बुशहरजवळ तो मारला गेला. आर्थर मुंबई सरकारात वरच्या पदांवर चढला. ह्यू पॉइंट्झ ठाण्याचा कलेक्टर झाला. १८५० च्या मे महिन्यात चौक गावाजवळ त्याचा तळ पडला होता. समोरच्या डोंगराची ओढ लागून वाटाड्या घेऊन तो वर चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. हिवाळ्यात तो परत आला आणि पुढे तिथे घरही बांधले. ‘माथेरानचा शोध’ तो हाच. डोंगरावर राहणाऱ्या कातकरी-ठाकरांना माथेरान आधीपासून ठाऊक होते, आणि साहेबाला वाट दाखवणाराही इथलाच माणूस होता.

अंबर कौरच्या मुलांना मात्र ही वाट बंद होती. १७९१ मध्ये, म्हणजे मॅलेटला किताब मिळाला त्याच वर्षी, कंपनीने हुकूम काढला की हिंदुस्थानी आईच्या मुलाला मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत घेऊ नये. एकाच बापाच्या मुलांपैकी कोणी कलेक्टर व्हायचे आणि कोणी त्या दारातही उभे राहायचे नाही, हे आईच्या जातकुळीवरून ठरले. हा अन्याय घराघरांत शिरला होता. आधीच्या पिढीत असे संसार कंपनीच्या अधिकाऱ्यांमध्ये सर्रास होते, तेही यानंतर हळूहळू लपवण्याची बाब बनत गेले.

१८८५ मध्ये आर्थर मॅलेटने आपल्या कुळाचा इतिहास पुस्तकरूपाने लंडनमध्ये छापला. त्याच सुमारास थोरल्या भावाचा मुलगा एडवर्ड मॅलेट ब्रिटनचा राजदूत म्हणून बर्लिनला, आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणाऱ्या परिषदेत बसला होता. किताब थोरल्याकडून थोरल्याकडे जातो आणि सरदारी वंशावळ त्याच ओळीने सरकते. म्हणून मॅलेट घराण्याचा पुण्यात सुरू झालेला भाग ज्याला शोधायचा असेल, त्याला वेल्सची चित्रे, बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि मृत्युपत्रे चाळावी लागतील. अंबर कौर आणि तिची मुले याच घराण्याची माणसे होती.