रान कोणाचें?

१९३० सालच्या जुलै महिन्यांत लोकनायक बापूजी अणे कांहीं स्वयंसेवकांसह यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदजवळच्या राखीव जंगलांत शिरले आणि त्यांनीं गवत कापलें. तेवढ्यासाठीं सरकारनें त्यांना अटक केली. गवताची किंमत ती काय असणार! पण प्रश्न गवताचा नव्हताच. ज्या रानांत आजे-पणजे गुरें चारीत आले, त्या रानांत पाय ठेवण्यास परवाना कोणाचा घ्यावयाचा, हा खरा प्रश्न होता. वऱ्हाडच्या माणसाला तो फोड करून सांगावा लागत नाहीं. त्याच शतकाच्या आरंभीं, हजारों कोसांवर, जर्मनींतील ज्यू विद्यार्थ्यांपुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला होता. त्यांच्या हातीं विळा नव्हता. पाठीवर एक पिशवी, तींत पाव, एक पातेलें आणि एक घोंगडी, एवढाच त्यांचा सरंजाम होता.

बर्लिनच्या श्टेग्लिट्झ उपनगरांत शाळेंतील मुलांचें पायीं भटकणारें एक मंडळ ४ नोव्हेंबर १९०१ रोजीं रीतसर स्थापन झालें. त्याचें नांव ‘वांडरफोगेल’, म्हणजे भटकें पांखरूं. त्या काळच्या जर्मन शाळेची शिस्त पलटणीसारखी होती आणि घरची त्याहून फारशी सैल नव्हती. त्या दोन्हींतून सुटून मुलें सुटीच्या दिवसांत आठ-आठ दिवस रानोमाळ हिंडूं लागलीं. दगडांची चूल मांडावी, आपलें आपण शिजवावें, रात्रीं एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारांत गवतावर अंग टाकावें, गिटारीवर जुनीं लोकगीतें म्हणावीं. वडील मंडळी डोळे वटारीत राहिली आणि थोड्याच वर्षांत हें वेड देशभर पसरलें.

या पांखरांच्या थव्यांत ज्यू मुलेंहि होतीं. डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या घरचीं हीं मुलें जर्मन भाषेंतच स्वप्नें पाहात. परंतु लवकरच कुजबुज सुरू झाली कीं, ज्यू हा शहरचा, पेढीवरचा माणूस. त्याला जर्मन मातीचा आणि जर्मन गाण्याचा जिव्हाळा कोठून असणार? १९१३ सालीं सॅक्सनींतील त्सिटाउ गांवच्या शाखेनें एका मुलीला ती ज्यू म्हणून प्रवेश नाकारला आणि कुजबुजीचा गवगवा झाला. ऑस्ट्रियांतील वांडरफोगेलनें त्याच वर्षीं क्रेम्स येथें उघडपणें ठरविलें कीं, ज्यूंना घ्यावयाचें नाहीं. जर्मन मंडळ अधिक धोरणी. त्यानें १९१४ च्या ईस्टरमध्यें निर्णय ज्या त्या शाखेवर सोंपविला. तोंडानें नाहीं म्हणावयाचें नाहीं आणि दारहि उघडावयाचें नाहीं, ही तोड आपल्याकडील पंक्तींना आणि पाणवठ्यांना कांहीं अपरिचित नव्हती.

ज्यू विद्यार्थ्यांनीं मात्र त्सिटाउची वाट पाहिली नव्हती. ब्रेस्लौ शहरांत, जें आज पोलंडमध्यें आहे, १९०७ सालींच त्यांचें एक लहानसें भटकें मंडळ निघालें होतें. १९१२ मध्यें त्यांनीं ‘ब्लौ-वाइस’, म्हणजे निळें-पांढरें, हें नांव धारण केलें आणि बर्लिन व इतर शहरांतून शाखा निघाल्या. निळा आणि पांढरा हे ज्यूंच्या प्रार्थनेच्या शालीचे आणि झायनवादी निशाणाचे रंग.

बाहेरून पाहणाऱ्याला हीं पथकें वांडरफोगेलचीच नक्कल वाटलीं असतीं, आणि बऱ्याच अंशीं तीं तशींच होतीं. तीच गिटार, तीच चूल, तेंच कोठार. १९१४ सालीं त्यांचें गाण्यांचें पुस्तक निघालें, त्यांतहि जर्मन लोकगीतें यिद्दिश आणि हिब्रू गीतांच्या शेजारीं बसलेलीं होतीं. परंतु नक्कल करतां करतां कांहीं अडचणी अशा येत कीं, त्यांचें उत्तर जर्मन मुलाच्या वहींत नव्हतें. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं शब्बाथ लागतो. मग विस्तव पेटवावयाचा नाहीं, ओझें वाहावयाचें नाहीं, ठराविक अंतरापलीकडे चालावयाचें नाहीं. म्हणजे शुक्रवारीं दुपारींच मुक्कामाची जागा शोधणें आलें, सरपण आणि पाणी आधीं आणणें आलें, आणि शनिवारभर एकाच ठिकाणीं एकमेकांचीं तोंडें पाहात बसणें आलें. सर्वच पथकें हें कांटेकोरपणें पाळीत नसत. कर्मठ घरच्या मुलांनीं पुढें १९१८ मध्यें ‘एझ्रा’ नांवाची आपली वेगळी संघटना काढली. पण पाळावें कीं न पाळावें, ही चर्चा मात्र चुलीभोंवतीं होणारच. घरीं जी गोष्ट आजोबांच्या धाकानें होई किंवा वडिलांच्या उदासीनतेनें सुटे, ती येथें पंधरा वर्षांच्या पोराला स्वतः ठरवावी लागे.

मैत्रीचें म्हणाल तर ती पहिल्या दिवशीं जमत नाहीं. पहिल्या दिवशीं सारे एकमेकांशीं अदबीनें वागतात. दुसऱ्या दिवशीं पायाला फोड येतात, पावसानें घोंगडी भिजते, पातेल्यांतलें करपतें आणि पाव कोणी अधिक खाल्ला यावरून भांडण जुंपतें. तिसऱ्या दिवशीं ज्याच्याशीं भांडण झालें त्याचीच पिशवी आपल्या खांद्यावर आलेली असते. आळंदीहून पंढरीस पायीं गेलेल्या कोणाहि माणसाला दिंडीचा हा अनुभव ठाऊक असतो. ज्यू विद्यार्थ्यांच्या बाबतींत त्यांत एक भर होती. शाळेंत वर्गमित्र टोमणा मारील, वांडरफोगेलचा नायक हंसून टाळील, अशी टोचणी ज्याच्या मनाला सदैव लागलेली, त्याला आठ दिवस असे मिळत कीं, जेथें ज्यू असणें ही बातमीच नव्हती.

या भटकंतीवर टीका झाली नाहीं असें नाहीं. पुढें ज्यू गूढवादाचे थोर अभ्यासक म्हणून नांवाजलेले गेर्शोम शोलेम हे तेव्हां ऐन विशींतले विद्यार्थी होते, आणि त्यांना हें सारें वरवरचें वाटे. रानांत हिंडून कोणी ज्यू होत नाहीं, आधीं हिब्रू शिका, असा त्यांचा आग्रह होता. तो खोटा म्हणतां येत नाहीं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला व्याकरणाआधीं सोबती लागतो, हेंहि शोलेम यांनीं ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

इतक्यांत पहिलें महायुद्ध आलें. सुमारें १,००,००० ज्यू जर्मन सैन्यांत दाखल झाले आणि सुमारें १२,००० कामास आले. रानांत मिळूं न शकलेला शेजार खंदकांत तरी मिळेल, अशी पुष्कळांची आशा होती. १९१६ च्या ऑक्टोबरांत युद्धखात्यानें ज्यू शिपायांची वेगळी मोजदाद मांडली, कारण ज्यू आघाडी टाळतात असा ओरडा झाला होता. मोजदादीचा निकाल युद्ध चालू असतां प्रसिद्ध झाला नाहीं. अपमान मात्र घरोघर पोंचला. त्याच वर्षीं ‘कामेराडेन’, म्हणजे सोबती, हें दुसरें ज्यू भटकें मंडळ निघालें. त्याची श्रद्धा अशी कीं, आम्ही जर्मनच आहोंत आणि हें रान आमचेंच आहे. ब्लौ-वाइसची दृष्टि पॅलेस्टाइनकडे लागली होती, कामेराडेनची ऱ्हाइनकडे. पिशव्या मात्र दोघांच्याहि सारख्याच.

ब्लौ-वाइस १९२६ च्या सुमारास विस्कटलें. कामेराडेन १९३२ मध्यें फुटलें आणि त्यांतून निघालेल्या ‘वेर्कलॉइटे’ या गटानें अखेर पॅलेस्टाइनचा रस्ता धरला. दुसऱ्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला. ज्यू मुलांनीं गणवेष घालून रस्त्यानें चालणें, उघड्यावर पथकानें हिंडणें यावर बंदी आली. वेर्कलॉइटेच्या तरुणांनीं १९३६ मध्यें पॅलेस्टाइनांत एक सामुदायिक गांव वसविलें. त्याचें नांव हाझोरेआ, म्हणजे पेरणारा. कोठारांत एका गवतावर झोपलेलीं मुलें तेथें एका बांधावर शेतकरी झालीं. सर्वांना सुटतां आलें नाहीं. १९३७ मध्यें वायमार शहराजवळच्या टेकडीवर नाझींनीं छळछावणी उघडली, तिला नांव दिलें बूखेनवाल्ड. या शब्दाचा अर्थ बीच वृक्षांचें वन. १९३८ च्या नोव्हेंबरांत सुमारें १०,००० ज्यू पुरुष त्या वनांत कोंडण्यांत आले.

भटक्या पांखरांच्या या जर्मन प्रवाहाशेजारींच दुसरा एक इंग्रजी प्रवाह वाहात होता. ज्या १९०७ सालीं ब्रेस्लौचें मंडळ निघालें, त्याच सालच्या ऑगस्टांत बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर वीसएक मुलांची छावणी टाकली आणि बालवीर चळवळ जन्मास आली. ती हिंदुस्थानांत १९०९ मध्यें आली खरी, पण गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठीं. हिंदी मुलाच्या हातीं काठी आणि दोरी देण्यास सरकार कचरत होतें. तेव्हां अॅनी बेझंट यांनीं मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं १९१८ मध्यें अलाहाबादेस आपलीं वेगळीं पथकें काढलीं. नाकारलेल्यांनीं आपला तंबू आपण ठोकावा, हा क्रम ब्रेस्लौला जसा घडला तसाच प्रयागलाहि घडला.

बेडन-पॉवेलच्या धर्तीवरच १९२९ मध्यें लंडनमध्यें वेलस्ली एरन व त्यांचे सहकारी यांनीं ज्यू मुलांसाठीं ‘हबोनीम’, म्हणजे बांधणारे, ही संस्था उभारली. तिच्या शाखा ब्रिटिश साम्राज्यांत दूरवर पसरल्या आणि मुंबईच्या ज्यू तरुणांतहि ती रुजली. तंबू, शेकोटी, हिब्रू गाणीं, इरेत्झ इझ्रायलची स्वप्नें, सगळें तयार सामान समुद्रमार्गें आलें.

पण तें सामान ज्यांच्या दारीं उतरलें, त्यांत मोठा भाग कोंकणच्या बेने इस्राएलांचा होता. आणि त्यांची गोष्ट ब्रेस्लौच्या मुलांहून अगदीं वेगळी होती. पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें, सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, बुडालेल्यांना तेथेंच पुरलें, अशी त्यांची परंपरा सांगते. ते घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांव त्यांना शनवार तेली म्हणे. नांवासाठीं दूर जावयास नको. किहीमचे किहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगांवचे नवगांवकर. कुलाबा जिल्ह्याचा नकाशा हरवला तर या मंडळींच्या आडनांवांवरून पुन्हां काढतां येईल. पुरीमला त्यांनीं होळीचा सण म्हटलें, मंदिरनाशाच्या शोकदिनाला बिरड्याचा सण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं अब्राहामाचें कीर्तनहि केलें. हाइम सॅम्युएल किहिमकर यांनीं १८७५ मध्यें मुंबईंत काढलेली शाळा पुढें सर एली कदूरी हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. तेथें हिब्रूबरोबर मराठी होतीच.

त्यांची पायीं सफरहि जुनीच होती. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची आणि घोड्याची खूण उमटली आहे, असा त्यांचा भाव आहे. तिला ते टापा म्हणतात. माघाच्या सुमारास तू बिश्वात हा झाडांचा सण येतो, तेव्हां कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें जात, मलिदा करीत. या वाटेवर त्यांना कोणी अडविलें नाहीं. रान कोणाचें, असें शेजाऱ्यानें त्यांना कधीं विचारलेंच नाहीं. जातीजातींत गांवानें जी उतरंड रचली होती तिच्यांत त्यांचीहि एक पायरी होती, आणि ती फार उंच नव्हती, हें खरें. पण तुम्ही या मातीचे नव्हे, हा शब्द त्या उतरंडींत नव्हता.

हबोनीमची छावणी त्या शब्दाचें उत्तर घेऊन आली होती. प्रश्न न ऐकलेल्यांनाहि तें उत्तर गोड वाटलें. कारणें अनेक होतीं. शास्त्रांतली जुनी ओढ होती, युरोपांतील संहाराचा धसका होता, १९४७ नंतर सरकारी नोकऱ्यांची शाश्वति उरली नव्हती. १९४८ मध्यें इझ्रायलचें राज्य स्थापन झालें तेव्हां हा समाज सुमारें २०,००० होता. आज भारतांत चार-पांच हजारांच्या आसपास उरला आहे.

आणि जो प्रश्न कोंकणानें विचारला नाहीं, तो तेथें जाऊन कानीं पडला. १९६२ मध्यें इझ्रायलच्या धर्मपीठानें फर्मावलें कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचें लग्न लावण्यापूर्वीं त्याच्या मागल्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे, तुम्ही खरे ज्यू कशावरून? ज्यांनीं शनिवारचा घाणा शतकानुशतकें बंद ठेवला त्यांना हें विचारण्यांत आलें. १९६४ च्या उन्हाळ्यांत किहिमकर-पेणकरांच्या भाऊबंदांनीं जेरुसलेमांत ठाण मांडलें आणि शांतपणें बसून राहिले. ती रीत त्यांनीं लंडनच्या हस्तपुस्तकांतून घेतली नव्हती. ऑगस्टांत तेथील लोकसभेनें ठराव केला कीं, बेने इस्राएल हे सर्वार्थानें ज्यू आहेत, आणि धर्मपीठानें आपलें फर्मान मागें घेतलें.

खंडाळ्याचा खडक आहे तेथेंच आहे. तू बिश्वातला तेथें अजून मंडळी जमते. ताटांत भिजवलेले पोहे, खोबरें, साखर आणि वर फळें असतात, आणि एलियाहूचें नांव घेऊन मलिदा वाटला जातो.