असिसीच्या महामंदिराचें छत

ज्युबिलीचें वर्ष जवळ आलें म्हणजे देवळास रंग द्यावा, वेदी सजवावी, घंटा घासून लखलखीत करावी, असें सर्वांसच वाटतें. परंतु छपराखालच्या काळोखांत शिडी लावून पाहणारा विरळा. त्या काळोखांत काय सांचून राहतें, हें असिसी येथील संत फ्रान्सिस यांच्या महामंदिराच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

संत फ्रान्सिस १२२६ सालीं निवर्तले. १२२८ च्या जुलै महिन्यांत पोप नववे ग्रेगरी यांनीं त्यांस संतपद दिलें व लागलीच या मंदिराचा पाया घातला. १२५३ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. एकावर एक अशीं हीं दोन मंदिरें. वरच्या मंदिराचें छत कमानदार असून त्यावर चिमाबुएसारख्या थोर चित्रकारांचीं चित्रें आहेत. उंब्रिया हा प्रांत भूकंपाचा. १८३२ सालच्या धक्क्यानें खालच्या मैदानांतील सांता मारिया देल्ली आंजेली या मंदिराचें मधलें छत कोसळलें. डोंगरावरचें हें मंदिर मात्र उभें राहिलें. साडेसात शतकें जें टिकलें, तें पुढेंही टिकेल, असा भरंवसा कोणास वाटणार नाहीं?

२६ सप्टेंबर १९९७ रोजीं उत्तररात्रीं अडीचच्या सुमारास पहिला धक्का बसला. सकाळीं कांहीं मंडळी नुकसानीची पाहणी करण्यास आंत गेली असतां, दुपार होण्यापूर्वीं दुसरा, अधिक जोराचा धक्का आला. दर्शनी भिंतीजवळ व वेदीजवळ, अशा दोन ठिकाणीं छत खालीं आलें. दोन फ्रान्सिस्कन धर्मबंधु व दोन तज्ज्ञ त्या ढिगाऱ्याखालीं मृत्यु पावले.

छत पडलें कशानें? कमानींच्या पाठीवर, त्या जेथें भिंतींतून उगवतात तेथील खोलगट जागेंत, विटांचे तुकडे व माती यांचा मोठा ढीग सांचला होता. शतकानुशतकें छपराची डागडुजी झाली आणि उरलेला राडारोडा खालीं नेण्याऐवजीं तेथेंच लोटला गेला. हें ओझें नुसतें ओझें नव्हतें. भूकंपांत कमान एका अंगास कलली, कीं मोकळ्या झालेल्या फटींत ही भुसभुशीत भर घसरे, आणि परत येऊं पाहणाऱ्या कमानीस ती जागेवर येऊं देत नसे. हेलकाव्यागणिक कमानीचा बांक बिघडत गेला. बांक गेला म्हणजे कमानीचें बळच गेलें. दुरुस्ती करणाऱ्या कोणाही गवंड्याच्या मनांत वाईट नव्हतें. त्यानें फक्त खालीं उतरण्याची एक खेप वांचविली.

ही गोष्ट परमुलखाची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें मेलीं, तीं बहुधा झोंपेंत, स्वतःच्याच घराच्या भाराखालीं. दगड-मातीच्या जाड भिंती, आणि वर माळवद. गळती थांबावी म्हणून मातीवर आणखी माती. पुढें जीं घरें उभीं राहिलीं होतीं त्यांना बळकटी आणण्याचें काम निघालें, त्यांतही वरची माती कमी करणें आणि भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड घालणें हे प्रमुख उपाय होते.

असिसीलाही आरंभ उपसण्यापासूनच झाला. प्राध्यापक जॉर्जो क्रोची यांच्या देखरेखीखालीं कमानींवरील भर काढण्यांत आली. भेगांत भरण्याचा चुना क्षारविरहित ठेवावा लागला, नाहीं तर खालच्या चित्रांवर पांढरें फूल फुटलें असतें. मग कमानींच्या पाठीवर लाकडी गाभ्याच्या बारीक फासळ्या बसवून त्यांवर अरामिड नांवाच्या धाग्याचें आवरण चिकटविलें. बंदुकीची गोळी अडविणाऱ्या अंगरख्यांत वापरतात तोच हा धागा, अत्यंत हलका आणि चिवट. या फासळ्या स्प्रिंग लावलेल्या सळयांनीं छपरास जोडल्या. बाजूच्या दालनाची त्रिकोणी भिंत छपराशीं बांधण्यास निकेल व टायटेनियम यांचा मिश्रधातु योजिला. तो ताण पडला असतां लांबतो व ताण जातांच मूळच्या लांबीवर येतो. ताठ लोखंडी पट्टीनें जुन्या भिंतीस जे हिसके बसले असते, ते त्यानें सौम्य होतात. जुन्या वास्तूस असें सवडीनें हलूं देणें, हेंच या कामांतील खरें शहाणपण, असें आम्हांस वाटतें.

२८ नोव्हेंबर १९९९ रोजीं वरचें मंदिर पुन्हां उपासनेसाठीं उघडलें. ढिगाऱ्यांतून निवडून काढलेले चित्रांचे लक्षावधि तुकडे जुळविण्याचें काम मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें चाललें होतें. मंदिरांत उभें राहून वर पाहणाऱ्यास त्या फासळ्या दिसत नाहींत. त्या पाहावयाच्या तर शिडीनें छपराखालींच चढावें लागतें.