मुक्या जिवाचा हक आणि माणसाचे आरोग्य

२०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पण इथली शेळी मात्र बाजारात आणि पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत अजूनही 'उस्मानाबादी' आहे. बहुतेक काळ्या रंगाची, दुष्काळातल्या चाऱ्यावर तगणारी, अनेकदा जुळी करडे देणारी ही जात. अल्पभूधारक, मजूर, विधवा बाई अशा घरांना तिचाच आधार असतो. दूध, मांस, बाजारभाव यांचा हिशेब सगळे मांडतात. पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ती पहाटे उठायला कारण देते, रानात चालायला लावते, बोलायला सोबत देते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. 'पाळीव प्राण्यांमुळे आरोग्य सुधारते' हे वाक्य कानावर आले की आपल्याला वाटते, हा शहरातल्या पैसेवाल्यांचा शौक आहे. इतिहास वेगळे सांगतो.

मदिनेतील एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाने, अबू उमैरने, एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला आणि मूल उदास झाले. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी या मुलाला जवळ घेऊन त्याच्या पक्ष्याची प्रेमाने चौकशी केली. राज्यकारभार, लढाया, वाद यांच्या धामधुमीत एका मुलाच्या दुःखाला त्यांनी वेळ दिला. पक्ष्यासाठी रडणे क्षुल्लक ठरवले नाही.

मांजर बांधून तिला उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली आणि तहानलेल्या कुत्र्याला बुटात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाली, ही कथनेही बहुतेकांना ठाऊक असतात. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे तर टोपणनावच मांजरीवरून पडले. तेराव्या शतकातले न्यायपंडित इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे मालकावरील हक लिहून ठेवले. म्हातारे किंवा आजारी झालेले, काहीच उपयोगाचे न उरलेले जनावरही मालकाने पोसलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आपल्या परंपरेत जनावरावरची माया ही मर्जीची बाब नाही. तो त्याचा हक आहे.

वैद्यकशास्त्र याच वाटेवर फार उशिरा आले. मनोरुग्णांना साखळदंडाने बांधण्याच्या काळात, १७९६ मध्ये, विल्यम ट्यूक यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क येथे 'रिट्रीट' सुरू केले. तिथल्या अंगणात ससे, कोंबड्या, पक्षी ठेवलेले असत. रुग्णांच्या मनात माया जागी व्हावी हा हेतू. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांसाठी छोट्या पाळीव प्राण्याची सोबत चांगली असे लिहिले. १९८० मध्ये अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. नसलेल्या ३९ पैकी ११. एवढ्यावरून प्राणी हे औषध ठरत नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांचे निष्कर्ष असे आलेले नाहीत. पण रोजचे चालणे, वेळापत्रक, स्पर्श आणि 'माझी कुणाला तरी गरज आहे' ही भावना माणसाला सावरते, हे समजायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. बकरी ईदसाठी महिनोन्‌महिने वाढवलेल्या बोकडाला मुले नाव देतात, पाला खाऊ घालतात. कुर्बानीच्या दिवशी ती रडली की मोठी माणसे दटावतात, 'रडायचं नाही, सवाबचं काम आहे.' कुर्बानी इबादत आहेच. पण त्या मुलाचे रडणे तिच्या विरोधात नाही. अबू उमैरला जे मिळाले, ते आपल्या मुलांना का मिळू नये? त्याला जवळ घ्या, बोलू द्या. जनावरासमोर सुरी परजू नये, एकासमोर दुसरे कापू नये, हे शिकवणारा धर्म मुलाचे मन कठोर करायला सांगत नाही.

हक म्हटला की जबाबदारी आली. पिंजऱ्यातला मिठू अनेक घरांत दिसतो. आपल्याकडचा रानपोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेळीचे दूध उकळूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. कुत्रा घरात ठेवण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण राखणीच्या आणि शिकारीच्या कुत्र्याला परवानगी आहे आणि कुठल्याच कुत्र्याला दगड मारायला नाही. कुत्रा किंवा मांजर चावली तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी.

फायद्यासाठी जनावर पाळले, तर फायदा संपताच ते रस्त्यावर येते. हक ओळखून पाळले, तर त्याचे पोट भरते आणि आपले मनही. उस्मानाबादी शेळीच्या दाव्याला हात लावणाऱ्या आपल्या आज्या हे पुस्तक न वाचता जाणत होत्या.