सोळा वर्षांची सबुरी

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील संघांचे दोन सराव सामने झाले. इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला दोन्ही वेळा हरवले, पहिल्यांदा अवघ्या एका गुणाने. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर. त्या निमित्ताने मी या संघाचा इतिहास वाचायला घेतला आणि खेळाडूंपेक्षा चाहत्यांमध्येच जास्त गुंतलो.

हा संघ मुळात फिरस्ता. १९५१ साली रॉचेस्टर शहरात असताना त्याने आपले एकमेव विजेतेपद मिळवले. पुढे सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी आणि १९८५ पासून कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. अमेरिकेत संघ ही मालकाची मालमत्ता असते. सौदा पटला की तो बिऱ्हाड हलवतो. मागे राहिलेल्या चाहत्यांना कोणी विचारत नाही.

सॅक्रामेंटोच्या चाहत्यांनी २००२ साली विजेतेपद जवळून पाहिले. लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध त्यांचा संघ ३-२ ने पुढे होता. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात पंचांनी लेकर्सला तब्बल २७ फ्री थ्रो दिले. तो सामना गेला आणि घरच्या मैदानावरचा सातवाही गेला. तो सल अजून आहे.

२००६ साली शरीफ अब्दुर-रहीम हा गुणी खेळाडू कारकिर्दीच्या दहाव्या हंगामात पहिल्यांदाच बाद फेरी खेळला, तो किंग्जकडून. त्याची प्रतीक्षा संपली आणि चाहत्यांची सुरू झाली. त्यानंतर सलग सोळा हंगाम संघ बाद फेरीत पोहोचला नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. २०१८ मध्ये नवोदितांच्या निवडीत दुसरा क्रमांक मिळाला, तेव्हाही संघाने लुका डोन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतले.

पण या लोकांचे खरे मोल २०१३ मध्ये कळले. जुन्या मालकांनी संघ सिएटलच्या गटाला विकायचे ठरवले होते. चाहते सभांना गर्दी करू लागले, मोहिमा चालवू लागले. एकेकाळचे एनबीए खेळाडू असलेले महापौर केविन जॉन्सन यांनी नवे खरेदीदार जमवले. अखेर मे महिन्यात संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळले आणि संघ रणदिवे यांच्या गटाकडे आला.

याची किंमतही मोजावी लागली. २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या क्रीडागृहासाठी शहराने सुमारे २५ कोटी डॉलरचा भार उचलला. निष्ठा दिसली की मालक तिचा भाव लावतात. ज्यांनी कधी तिकीट काढले नाही, त्यांचाही पैसा त्यात गेला. हा प्रश्न जिंकल्याच्या आनंदात पुसला जाऊ नये.

२०२३ मध्ये किंग्ज बाद फेरीत परतले. त्या हंगामात प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडला जाई. पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण केले आणि गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवले. तरीही शहर त्या हंगामाकडे अभिमानानेच पाहते.

सबुरी म्हणजे हात बांधून बसणे, असा आपल्याकडे गैरसमज आहे. सॅक्रामेंटोचे लोक पराभव सोसत राहिले, पण संघ हिरावला जाऊ लागला तेव्हा गप्प बसले नाहीत. काय सोसायचे आणि कशासाठी उठायचे, हे ज्याला कळते त्याच्याच सबुरीला अर्थ असतो. कागदावर संघ मालकाचा असेल. त्या शहरात तो टिकला तो या माणसांमुळे.