आवळत्या तोंडाचा इतिहास

‘बापाचंबी तोंड असंच होतं, आमच्या खानदानातच हाये थे,’ असे वर्ध्याकडच्या खेड्यांत बोलले जाते. तोंड उघडत नाही, हा आजार. तो खरेच आनुवंशिक आहे का, हा माझा प्रश्न.

संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार आहेतच. एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि डान्लोस यांनी १९०८ मध्ये नोंदवलेला, त्यांच्याच नावाचा विकार त्यांपैकी एक. त्यात शरीराला बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेनची घडण बहुधा जन्मतःच कच्ची असते. हिरड्या नाजूक, जबड्याचा सांधा निखळणारा, काही प्रकारांत दात तरुणपणीच हलू लागतात. आमच्याकडच्या तोंडात नेमके उलटे घडते. कोलॅजेन साचून घट्ट होते, गाल आतून ताठरतो, तीन बोटे जावीत तिथे एकही जाईना. दात किडला तर दंतवैद्याचे हत्यारच आत शिरत नाही. पुढे कर्करोगाची भीती असते ती वेगळीच.

श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये हा रोग वर्णिला तो पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत. त्यांनी दिलेल्या लॅटिन नावात ‘इडिओपॅथिका’ होते, म्हणजे कारण अज्ञात. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटले. मग बरीच वर्षे मिरचीवर संशय होता. सावजी रस्सा खाणाऱ्या विदर्भाला ते पटलेही असते! खरा गुन्हेगार सुपारी. तिच्यातले अरेकोलीन कोलॅजेन वाढवते, तांबे त्याचे धागे घट्ट जखडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवले. सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड आवळत नाही, तेव्हा जनुकांचाही काही वाटा असावा. पण सुपारीवाचून हा रोग क्वचितच दिसतो.

गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी आहे. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. खर्रा मात्र सुपारी, तंबाखू, चुना घोटून टपरीवर पन्नीत मिळतो. बापाचा खर्रा आणायला पोरगा जातो. माझ्या मते खानदानात उतरते ते हे.

सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयाच्या डॉ. राजीव बोरले व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरील शस्त्रक्रियेचा अनुभव प्रसिद्ध केला. आतले ताठर पट्टे कापायचे आणि नाकाशेजारच्या गालाची कातडी वळवून तिथे शिवायची. टाके निघाल्यावरही कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. कंटाळा केला की तोंड पुन्हा मिटू लागते.